मास्तरांचा गुडघा आणि वकीलबाई

"जनावर?" मास्तर म्हणाला. "छे हो. आमच्या घरात जनावर-बिनावर काही नाही."

आक्काच्या हातातला डबा पडायचाच बाकी राहिला. अडुसष्ट वर्षांचा घोडा, पांढऱ्या मिशा, गल्लीतली लहानथोर मंडळी ज्याला मास्तर म्हणून मान देतात तो हा माणूस भर वॉर्डात डॉक्टरणीच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता, आणि पापणीसुद्धा हलवत नव्हता. घरी ह्या क्षणी एक करडी मांजर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून अंग चाटत असणार. एक-दोन दिवसांची पाहुणी नव्हे, नऊ वर्षं त्याच घरात राहणारी.

डॉक्टरणीनं कागदावरून मान वर केली. ही नेहमीची हाडांची डॉक्टर नव्हे. ही तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतली, जंतू ओळखणारी. आक्कानं मनातल्या मनात तिचं नाव जंतूबाई ठेवून टाकलं होतं. आखूड केस, चष्मा, आणि बोलणं एक घाव दोन तुकडे.

"नीट आठवून सांगा, काका," जंतूबाई म्हणाली. "कुत्रं, मांजर, काहीही. चाटलं, ओरबाडलं, अंगावर बसलं? तुमच्या गुडघ्यातलं पाणी काढलं त्यात जंतू दिसतात, पण वाढवायला ठेवले तर वाढत नाहीत. कारण तुम्ही घरच्या उरल्यासुरल्या गोळ्या गिळून आलात. जंतू अर्धमेले झाले, मेले नाहीत. नाव कळत नाही तोवर मी अंदाजानं औषध देतेय. जनावराच्या तोंडातले असतील तर हे औषध त्यांचं काही वाकडं करणार नाही, त्यांना वेगळं लागतं. आणि ते आज कळलं तर उद्या गुडघा उघडून धुता येईल, मधला प्लास्टिकचा तुकडा बदलता येईल, धातूचा सांधा आहे तिथं राहील. उशीर झाला तर जंतू धातूला चिकटून बसतात. मग सगळंच काढावं लागतं."

"आणि काढल्यावर?"

"मध्ये सिमेंटचा ठोकळा. दोन-तीन महिने पाय टेकायचा नाही. मग जमलं तर नवा सांधा, नाही जमलं तर पाय जन्मभर ताठ."

मास्तरनं चादर गुडघ्यावर ओढून घेतली. ती ओढताना आक्कानं पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "जनावर नाही."

जंतूबाई आक्काकडे वळली. "तुम्ही एकत्रच राहता ना, मावशी?"

"राहतो," आक्का म्हणाली. "त्यांनी सांगितलं ना? त्यांचा गुडघा, त्यांना ठाऊक."

आता हे काय गौडबंगाल, ते आधी सांगून टाकलेलं बरं.

आक्का म्हणजे मास्तरची सख्खी थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. त्यानं केलं, ते चार वर्षांत मोडलं, आणि दोघंही आईजवळ राहिली ती राहिलीच. तो सूट शिवणाऱ्या एका जुन्या दुकानात कटर, म्हणूनच मास्तर. मापं घ्यायची, खडूनं कापडावर आखायचं आणि दिवसभर उभ्यानं कात्री चालवायची. ती एका बाइंडरच्या कारखान्यात. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, दाभणानं भोकं पाडून त्या शिवायच्या, पाठीला सरस लावायचा. बहात्तरी आली तरी अजून दुपारी चारपर्यंत जाते, घरी बसून त्याचं थोबाड बघण्यापेक्षा बरं म्हणून.

नऊ वर्षांपूर्वी आई मागच्या खोलीत असायची. चौऱ्याऐंशी वर्षांची, पण कान तिखट. एका सकाळी जिन्यात कुठंतरी मांजरीचं पिल्लू केकाटत होतं. आई म्हणाली, "अगं, बघ जा, कुणीतरी टाकून गेलंय, जीव जाईल त्याचा." आक्का खाली गेली. पिल्लू सापडायला पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढ्यात आई एकटी उठून न्हाणीत गेली, घसरली, आणि खुब्याचं हाड मोडलं. बावीस दिवसांनी ती हॉस्पिटलातच वारली.

भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरलेली होती, त्या सगळ्यांदेखत मास्तर म्हणाला, "हिच्या मांजरीनं आईला खाल्लं."

"आईनंच पाठवलं मला," आक्का म्हणाली.

"गेलेल्या माणसावर ढकलू नकोस," तो म्हणाला. "लाज असेल तर."

बस्स. त्या दिवसापासून त्याचा तिच्याशी अबोला, तिचा त्याच्याशी. आणि पिल्लू? पिल्लू खरं तर ती दुसऱ्या कुणाला तरी देणार होती. पण हे ऐकल्यावर ती इरेला पेटली. ठेवतेच, म्हणाली, ह्याची जिरवते. त्या मांजरीला दूध घालताना नऊ वर्षांत तिला आधी मांजर आठवायची नाही, मास्तरचं तोंड आठवायचं.

पण एका घरात दोन माणसं म्हटली की दूध उतू जातं, नळ जातो, दाराशी कुणीतरी येतं, आणि सांगावं तर लागतंच. मग ती मांजरीकडे बघून बोलायची, "त्यांना म्हणावं, आंघोळ उरकून घ्या, पाणी जाणारेय." तो पुढच्या खोलीतून मांजरीलाच ऐकवायचा, "सांग तिकडे, मला कुणाचा हुकूम नकोय." शेजारच्यांनी हे ऐकलं आणि मांजरीचं नाव वकीलबाई पडलं. पुढंपुढं हे दोघंही तिला त्याच नावानं हाक मारायला लागले, आणि तेही अहो-जाहो करून. "वकीलबाई, कळवा जरा, सूपमध्ये मीठ नाही." एकमेकांना अरे-तुरेसुद्धा नाही आणि मांजरीला अहो! हसू येण्यासारखंच होतं, फक्त त्या घरात कुणी हसत नव्हतं.

आक्काला ह्या जगात एकच गोष्ट हवी होती. त्यानं तोंडानं म्हणावं, तुझी चूक नव्हती. तेवढे तीन शब्द. बाकी त्यानं तिला हिंग लावून विचारलं नसतं तरी चाललं असतं.

चाळीस वर्षं उभं राहून मास्तरचा उजवा गुडघा कामातून गेला, म्हणून चौदा महिन्यांपूर्वी नवा सांधा बसवला. छान बसला. काठी सुटली, जिना चढायला लागला, घरी बसून लोकांच्या पँटी लांड्या करून द्यायला लागला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की नवा गुडघा वर्षभर तरी गरम लागेल, घाबरू नका. ते मास्तरनं ऐकलं. आणि मांजरींना ऊब कुठं आहे हे काही डॉक्टरांनी सांगावं लागत नाही.

ऐन उन्हाळ्यात एकदा कारखान्यातला सरस संपला आणि मालकानं दोनलाच सुट्टी दिली. आक्का घरी आली. पुढच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं. खिडकीशी मास्तर आरामखुर्चीत, उजव्या पायाची पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली, आणि गुडघ्यावर वकीलबाई! पुढच्या दोन्ही पंजांनी ती गुडघा मळत होती, नखं आत-बाहेर करत. मधूनच वाकून त्या उभ्या व्रणावरून जीभ फिरवत होती. एकेक नख रुतलं की मास्तरचा चेहरा कळवळायचा, पण तो तिला ढकलत नव्हता.

"हळू गं," तो म्हणत होता. "हळू, माझी पोर ती. कुणी नाही बघत आपल्याला."

आक्का आल्या पावली मागं फिरली. जिन्याच्या पायरीवर चार वाजेपर्यंत बसून राहिली. हा राग म्हणावा की आणखी काय म्हणावं, तिलाच कळेना. आईला खाणारी मांजर! आणि दुपारी हा तिलाच मांडीवर घेऊन लाडीगोडी करतो! आणि आपण नऊ वर्षं त्या शिक्क्यासकट वावरतोय! लगेच आत जाऊन त्याची खरडपट्टी काढावी असं मनात आलं होतं. पण नाही. हा हुकमाचा पत्ता होता, आणि हुकमाचा पत्ता असा तावातावात टाकून द्यायचा नसतो. तिनं तो जपून ठेवला.

आणि आता सोमवारी सकाळी, गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, अंगात ताप, आणि जंतूबाई समोर उभी राहून नेमकं तेच विचारत होती. पत्ता टाकायला ह्याहून चांगली जागा देवानंसुद्धा दिली नसती. पण आक्काला वाटलं, मी कशाला? ह्याचं ह्यानं बोलावं. मी उभी असताना, माझ्या डोळ्यांदेखत म्हणावं, होय, मांजर आहे, आणि मी तिला रोज मांडीवर घेतो. एकदा हे तोंडातून निघालं की आईचं खापर माझ्या डोक्यावर राहणार नाही. सांध्याला धोका आहे म्हटल्यावर बोलेलच की! आज नाही तर उद्या बोलेल. जातो कुठं?

त्या दिवशी ती खुशीत घरी गेली, हे खरं आहे. झाकायचं कशाला?

मंगळवारी ती डबा घेऊन आली तेव्हा मास्तरचे डोळे तापानं लाल झालेले. शेजारच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर होता, पाय प्लास्टरमध्ये, तोंड मात्र मोकळं. वॉर्डातली सगळी खबरबात त्याच्याकडे. इथं मांजर नव्हती, तेव्हा आक्कानं त्यालाच मध्यस्थ धरलं.

"ड्रायव्हरसाहेब, तुमच्या शेजाऱ्यांना म्हणावं, सूप आणलंय, गरम आहे तोवर घ्या."

"ड्रायव्हरसाहेब, म्हणावं, भूक नाही," मास्तर म्हणाला.

ड्रायव्हरनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "अहो, तुम्ही दोघं हातभर अंतरावर आहात की!"

"तुम्ही सांगा हो," आक्का म्हणाली. "आणि हेही सांगा, की घरी कुणीतरी दोन दिवस नीट जेवत नाहीये. दुपार झाली की पुढच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसतं. कुणाची वाट बघतं कोण जाणे."

मास्तरनं मान भिंतीकडे फिरवली. त्याचा कान लाल झाला. आक्का वाट बघत उभी राहिली. बोल ना, मेल्या. बोल. एवढं पुढ्यात आणून वाढलं, आता घास तरी घे.

"ड्रायव्हरसाहेब," बऱ्याच वेळानं तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "सांगा, दार उघडं ठेवा म्हणावं."

एवढंच. आक्काचं डोकं फिरलं. दार उघडं ठेवा! मांजरीसाठी जीव तुटतोय, पण तोंड उघडायचं म्हणजे महाशयांची शान जाते! तिनं डब्याचं झाकण असं आपटून लावलं की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठला. वाटेत जंतूबाई जिन्यात भेटली. "काही आठवलं का हो मावशी, काका काही बोलले?" तिनं विचारलं. आक्का "नाही" म्हणाली. ते खोटं नव्हतं. तो काहीच बोलला नव्हता.

बुधवारी गुडघ्याची कातडी ताणून जांभळी पडली होती. हाडांचा डॉक्टर आला, बोटानं दाबून बघितलं, मास्तर ओरडला. डॉक्टर बाहेर जाऊन जंतूबाईशी हळू आवाजात बोलला, पण आक्काचे कान आईवर गेलेले. औषध लागू पडत नाहीये. उद्या दुपारपर्यंत बघू, नाहीतर सांधा काढू. अजून वाढलं तर पायाचंच काय, जिवाचंही सांगता येणार नाही.

आक्का खाटेजवळ आली. मास्तरचे ओठ सुकून फाटले होते. तिनं चमच्यानं पाणी दिलं, आणि त्यानं ते घेतलं. नऊ वर्षांत तिच्या हातून थेट घेतलेली ही पहिली गोष्ट. आता सांगावं, असं तिला वाटलं. उठावं आणि त्या बाईला गाठावं. पण त्याच वेळी त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घालून पुन्हा मिटले. त्या आठ्या! नऊ वर्षं जेवायला वाढताना समोर ह्याच आठ्या होत्या. तिनं चमचा डब्यात टाकला. नाहीच बोलायचं ना तुला? मग मीही तुझीच बहीण आहे.

घरी आली. वकीलबाई धावत आली आणि तिच्या मांडीवर चढून पंजे चालवायला लागली. लुगड्यातून नखं लागली. आक्कानं एक पंजा हातात धरला, दाबला आणि नखं बाहेर आलेली बघत बसली. बारीक, वाकडी, टोकाशी पांढरी. एवढंसं ते टोक आणि तिकडे तो सुजलेला पाय. तिला जेवण गेलं नाही. वकीलबाईला खाली ठेवून तिनं हात साबणानं धुतले आणि परत धुतले.

गुरुवारी सकाळी आठच्या आधी ती प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभी होती. जंतूबाई नुकतीच आली होती, पिशवी अजून खांद्यालाच.

"मांजर आहे," आक्का म्हणाली. "घरात मांजर आहे. त्यांच्या गुडघ्यावर बसते, नखं रोवते, चाटते. रोज."

जंतूबाईनं पिशवी खाली टाकली. "कुणी सांगितलं?"

"मी पाहिलंय. उन्हाळ्यात."

"म्हणजे सोमवारी तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मंगळवारी जिन्यात विचारलं तेव्हाही?"

आक्कानं मान डोलावली.

"मावशी, तुमचं भांडण असेल ते असेल," जंतूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज चढला तो थेट बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागेपर्यंत. "माणूस मरायला टाकला होतात तुम्ही! तीन दिवस! मी काय इथं झक मारायला विचारत फिरत होते?" मग तिनं फोन उचलला, वर औषध बदलायला सांगितलं, हाडांच्या डॉक्टरला बोलावलं. आक्काकडे तिनं पुन्हा बघितलंही नाही.

अकराला मास्तरला आत नेलं. अडीचला हाडांचा डॉक्टर बाहेर आला. सांधा काढावा लागला होता. जंतू धातूला घट्ट बसले होते, हाडालाही थोडं लागलं होतं. आता सिमेंटचा ठोकळा आहे, नवं औषध आहे, जीव वाचेल, पायही बहुतेक वाचेल. पुन्हा सांधा बसेल की नाही ते तीन महिन्यांनी.

"सोमवारी कळलं असतं तर?" आक्कानं विचारलं.

डॉक्टर भला माणूस होता. "खात्री कुणीच देऊ शकत नाही," तो म्हणाला. "पण बहुतेक नसता काढावा लागला."

शुक्रवारी दुपारी मास्तर शुद्धीवर, ताप उतरलेला. उजवा पाय उशीवर, मांडीपासून पोटरीपर्यंत पांढऱ्या पट्टीत. आक्का स्टुलावर बसली. ड्रायव्हर पेपर वाचत होता, पण गेली दहा मिनिटं त्यानं पान उलटलेलं नव्हतं.

"ड्रायव्हरसाहेब..." मास्तरनं सुरुवात केली, आणि थांबला. मग मान वळवून तिच्याकडेच बघितलं. "कुणी सांगितलं त्या बाईला?"

"मी."

"तुला काय ठाऊक?"

"उन्हाळ्यात एकदा लवकर आले होते. दार लोटलेलं होतं."

तो हिशेब करत असलेला तिला दिसला. ओठ हलत होते.

"म्हणजे सोमवारी, त्यांनी मला विचारलं तेव्हा तू तिथंच उभी होतीस. आणि तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलावंस म्हणून. मांजरीनं आईला खाल्लं म्हणणारा माणूस तिला मांडीवर घेतो, हे तू तुझ्या तोंडानं कबूल करावंस म्हणून. तुला शरम वाटत होती ना? म्हटलं, वाटू दे. पडू दे गळून सगळी शान."

"शरम?" मास्तर एवढ्या जोरात म्हणाला की त्याला कळ आली, आणि कळ ओसरेपर्यंत त्यानं खाटेची कड धरून ठेवली. "शरम गेली खड्ड्यात! मला कसली आलीय शरम? ह्या ड्रायव्हरनं रविवारी सांगितलं, की जनावर निघालं की आरोग्य खात्याची गाडी येते आणि घेऊन जाते. त्याच्या मेव्हण्याचं कुत्रं नेलं म्हणे, परत आलंच नाही. म्हणून नाही म्हटलं मी! ती गेली असती!"

आक्कानं ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरनं पेपर तोंडापुढे धरला.

"कुणी नेत नाही रे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मी आज सकाळी खाली जाऊन विचारलं. ती बाई म्हणाली, मांजर कुणी काढा म्हटलं? नखं कापा, हात धुवा, आणि गुडघ्यावर बसवू नका, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

मास्तर छताकडे बघत राहिला. मग त्या उशीवरच्या पायाकडे. त्याचे डोळे भरले, आणि डोळे भरलेले तिनं बघावेत ह्याचा त्याला पुन्हा संताप आला.

"माझं ठीक आहे, मी मूर्ख," तो म्हणाला. "तापात होतो. एका ड्रायव्हरच्या थापेवर विश्वास ठेवला. तू तर धडधाकट होतीस. तीन दिवस डबा घेऊन आलीस आणि बघत बसलीस?"

"बसले," आक्का म्हणाली. "आईच्या वेळी माझा दोष नव्हता. ह्या वेळी आहे. घे. हवं तर पुन्हा माणसं बोलाव आणि सगळ्यांदेखत सांग. ह्या वेळी मी नाही म्हणणार नाही."

मास्तर चादरीचा काठ बोटांत धरून चोळत होता, कापडाचा पोत बघताना चोळायचा तसा.

"आईच्या वेळचं मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"तिनंच पाठवलं तुला. तिनं सांगितलं मला, हॉस्पिटलात, तिसऱ्या दिवशी. म्हणाली, तिला बोलू नकोस, मीच पिटाळलं होतं तिला पिल्लासाठी."

आक्का स्टुलावरून उठली. का उठली ते तिलाच कळलं नाही. पुन्हा बसली.

"आणखी एक आहे," मास्तर म्हणाला. "न्हाणीत धरायला कठडा बसव म्हणून ती महिनाभर माझ्या मागं लागली होती. मी म्हणायचो, हा सूट झाला की बसवतो. एक झाला की दुसरा यायचा. कठडा आणलेला होता, आक्का. माझ्या पलंगाखाली होता, कागदात गुंडाळलेला. ती पडली त्या दिवशीही तिथंच होता. मग माणसं आली भेटायला, जो तो विचारतोय, कशी पडली, कशी पडली... आणि तू समोर उभी होतीस, पिल्लू कडेवर घेऊन."

नऊ वर्षांनी त्याच्या तोंडून 'आक्का' निघालं होतं. ते तिच्या नंतर लक्षात आलं. आधी तिला फक्त त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिनं हात उचललाही. मग तो हात कुठं ठेवावा ते तिला सुचेना.

"आता म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"तुझी चूक नव्हती म्हण. मोठ्यानं. ह्या वॉर्डाला ऐकू जाऊ दे."

मास्तरनं इकडेतिकडे बघितलं. ड्रायव्हरनं पेपर खाली घेतला होता. पलीकडचा म्हातारा उठून बसला होता. एक नर्स औषधाची ढकलगाडी घेऊन दारात थांबली होती.

"आक्का, तुझी चूक नव्हती," मास्तर म्हणाला. आवाज फाटला, म्हणून घसा खाकरून तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, "आई पडली त्यात माझ्या बहिणीची चूक नव्हती. माझी होती."

ऐकलं तिनं. नऊ वर्षं ह्या एका वाक्यासाठी ती त्या घरात राहिली होती. हे कानावर पडलं की आपण रडू, नाहीतर त्याला चार शिव्या हासडू, निदान मोकळा श्वास तरी घेऊ, असं काय काय तिला वाटत आलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. ती त्या पट्टीतल्या पायाकडे बघत होती.

"फिटलं ना आता?" मास्तरनं विचारलं. चौथीतल्या मुलासारखा.

"गाढवा, कुठं फिटलं?" आक्का म्हणाली. "सोमवारी म्हणाला असतास तर चालत घरी आला असतास."

"सोमवारी तू म्हणाली असतीस तर."

"हो," ती म्हणाली. "मी म्हणाले असते तर."

त्यानं डोळे मिटले. ह्या वेळी कपाळावर आठ्या होत्या त्या रागाच्या नव्हत्या, दुखण्याच्या होत्या. तिला फरक लगेच कळला, आणि बुधवारी तो कळला नव्हता हेही कळलं.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"फार."

दारातल्या नर्सला तिनं हाक मारली, आणि ती येईपर्यंत त्याचा पाय उशीवरून घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.